एकटा जीव, पावणेचार कोटींचं शहर

चला, टोकियोला जाऊ. एकट्याने. पण विमानात बसण्याआधी वही-पेन्सिल घेऊन जरा आकडेमोडीला बसू, कारण या शहराचे आकडे नुसते वाचून पचत नाहीत. ते आपल्या लोकलमध्ये, आपल्या विहिरीत, आपल्या मुंबई-पुणे रस्त्यावर आणून ठेवावे लागतात. मगच छाती दडपते आणि मगच मजा येते.

अंतरापासून सुरुवात करू. मुंबई ते टोकियो सरळ हवाई रेषेत सुमारे ६,८०० किलोमीटर. मुंबई-पुणे १५० धरलं तर हे झालं पंचेचाळीस वेळा मुंबई-पुणे! दर शनिवारी पुण्याला जाऊन रविवारी रात्री परतणारा चाकरमानी पाच महिन्यांत जेवढा रस्ता तुडवतो, तेवढा एका दमात. गाडीने एका खेपेला तीन तास धरा. वाटेत चहा नाही, वडापाव नाही, झोप नाही, तरी साडेपाच दिवस जातील. थेट विमान मिळालं तर ते हेच अंतर आठ-नऊ तासांत कापतं. संध्याकाळी निघालेला माणूस सकाळच्या नाश्त्याला टोकियोत. घड्याळ तेवढं साडेतीन तास पुढे करायचं.

आता माणसं मोजू. टोकियो आणि त्याला चिकटलेले कानागावा, सायतामा, चिबा हे तीन प्रांत मिळून जे महानगर होतं, त्याची वस्ती सुमारे ३ कोटी ७० लाख. २०११च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या होती ११ कोटी २४ लाख. म्हणजे गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतचा महाराष्ट्र घ्या, दर तीन माणसांतलं एक उचला आणि सगळ्यांना एका शहरात नेऊन ठेवा. त्या प्रत्येकाला सेकंदाला एक या वेगाने नमस्कार घालायचा ठरवलात, जेवणखाण आणि झोप बंद करून, तर तुमचे जोडलेले हात ४२८ दिवसांनी खाली येतील. एक वर्ष आणि दोन महिने नुसते नमस्कार!

या गर्दीत तुम्ही एकटे. घरच्यांच्या पोटात गोळा येतो तो इथेच. “एवढ्या अफाट शहरात एकट्याने?” प्रश्न रास्त आहे. पण पुढचे आकडे बघत चला. एकट्या माणसाला टोकियो सोपं जातं ते अफाट असूनही नव्हे, अफाट आहे म्हणूनच.

पहिला दिलासा दारातच मिळतो. २०२४ साली जपानमध्ये ३ कोटी ६८ लाखांहून अधिक परदेशी पाहुणे आले. टोकियो महानगरात जेवढी माणसं राहतात, जवळजवळ तेवढे पाहुणे! दिवसाला एक लाख. वानखेडे स्टेडियम काठोकाठ तीनदा भरावं, तेही रोज. त्यांत भारतीय होते सुमारे २ लाख ३३ हजार. भागाकार करा: दर सव्वादोन मिनिटांना एक भारतीय जपानच्या दारात उभा. तुमच्या पुढे सव्वादोन मिनिटांवर एक देशबांधव, मागे सव्वादोन मिनिटांवर दुसरा. याला काय एकटं म्हणायचं?

भारतात राहणाऱ्या पर्यटकांना २०२४पासून ई-व्हिसाही मिळतो. त्यासाठी बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र वगैरे लागतंच, शिवाय दिवसवार कार्यक्रम लिहून द्यावा लागतो: कोणत्या तारखेला कुठे, मुक्काम कोणत्या हॉटेलात. अनेकांना ही कटकट वाटते. खरं तर सहलीचा आराखडा करायला लावणारी यासारखी दुसरी शिस्त नाही. आपणही आता तेच करू. धरा नऊ दिवस आणि आठ रात्री. तारखा निवडताना २९ एप्रिल ते ५ मे हा ‘गोल्डन वीक’, ऑगस्टच्या मध्यातला ओबोनचा सण आणि नववर्ष टाळा, कारण तेव्हा जपानच जपान बघायला निघालेला असतो. साकुराचा, म्हणजे चेरीचा, बहर हवा असेल तर मार्चचा शेवट आणि एप्रिलची सुरुवात धरा, आणि खोली महिनोन् महिने आधी ठरवा.

उतरायचं कुठे? टोकियोला दोन विमानतळ. नारिता शहराच्या मध्यापासून साठेक किलोमीटरवर, हानेदा पंधराएक. लोकलच्या भाषेत सांगायचं तर सीएसएमटीहून नारिता म्हणजे अंबरनाथ आणि हानेदा म्हणजे कुर्ला. पहिल्याच खेपेला, एकट्याने, रात्री उशिरा पोहोचणार असाल आणि तिकिटात फार फरक नसेल, तर डोळे मिटून ‘कुर्ला’ घ्या.

आता नकाशा उघडा. पहिल्यांदा डोकं गरगरतं. मांजराने लोकरीचे डझनभर गुंडे एकत्र खेळवावेत तसा रंगीत गुंता दिसतो. घाबरू नका, गाभा शोधा. टोकियोचे मधले २३ वॉर्ड मिळून क्षेत्रफळ ६२७ चौरस किलोमीटर. बृहन्मुंबईचं ६०३. म्हणजे या राक्षसाच्या पोटात चक्क आपली मुंबई बसली आहे! आणि त्या पोटात एक वर्तुळाकार लोकल फिरते, यामानोते. लांबी ३४.५ किलोमीटर, स्थानकं ३०. चर्चगेट ते बोरिवली ३४ किलोमीटर. तेव्हा पश्चिम रेल्वे दोन्ही हातांनी धरा, वाकवा आणि बोरिवलीचं टोक चर्चगेटला आणून जोडा. झाली यामानोते! पूर्ण फेरीला लागतो सुमारे एक तास. अकरा डब्यांची गाडी, गर्दीच्या वेळी दर दोन-तीन मिनिटांना. डुलकी लागली, स्टेशन हुकलं? पुढच्या स्टेशनावर उतरा, समोरची उलटी गाडी धरा. तेही नको असेल तर बसून राहा, तासाभरात शहराला प्रदक्षिणा घालून स्वारी पुन्हा त्याच जागी. उएनो, इकेबुकुरो, शिंजुकू, शिबुया, टोकियो स्टेशन, पर्यटकाच्या यादीतली बहुतेक मोठी नावं याच कड्यावर ओवलेली आहेत. म्हणून नियोजनाचा पहिला नियम: मुक्काम या कड्याला धरून.

कड्याच्या खाली दुसरं विश्व आहे. टोकियो मेट्रोच्या ९ मार्गिका, तोएई सबवेच्या ४. नुसत्या टोकियो मेट्रोची लांबी १९५ किलोमीटर. सीएसएमटी ते पुणे लोहमार्ग १९२. बोगद्यांसकट, घाटासकट अख्खा मुंबई-पुणे लोहमार्ग उचलून एका शहराखाली पसरला, तरी तीन किलोमीटर कमीच पडतात! त्यात तोएईचे १०९ मिळवा. एकूण ३०४. पुणे गेलं, दौंड गेलं, गाडी सोलापूरच्या दिशेने निघाली आणि आपण अजून टोकियोच्या पोटातच. १९२७ साली याची सुरुवात झाली तेव्हा आसाकुसा ते उएनो एवढाच २.२ किलोमीटरचा मार्ग होता, आशियातली पहिली भुयारी रेल्वे. आज त्याच्या जवळजवळ १४० पट. आणि या सगळ्या तेरा मार्गिकांवर ७२ तास मनसोक्त हुंदडण्याचा पर्यटकांसाठीचा पास दीड-दोन हजार येनच्या घरात. एका येनला सध्या साधारण ५५ ते ६० पैसे पडतात. आपण ५८ धरू, म्हणजे नऊशे ते बाराशे रुपयांत तीन दिवस. फक्त हा पास यामानोतेवर चालत नाही, कारण ती वेगळ्या कंपनीची. तिच्यासाठी सुइका किंवा पास्मो कार्ड खिशात ठेवा, टॅप करा, पुढे व्हा.

रुंदी मोजली, आता खोली मोजू. रोप्पोंगी स्थानकावर ओएदो मार्गिकेचा फलाट जमिनीखाली ४२ मीटर आहे. आपल्याकडची पंचेचाळीस फुटी विहीर डोळ्यांसमोर आणा, वाकून पाहिलं की पोटात कालवतं ती. तिच्या तळाशी दुसरी विहीर खणा. तिच्या तळाशी तिसरी. तिसरीच्या तळाला फलाट, आणि फलाटावर लोक शांतपणे फोन बघत उभे! नकाशावर बोटभर दिसणारा गाडीबदल प्रत्यक्षात जिने, सरकते जिने आणि बोगदे तुडवत दहा मिनिटं खातो. आराखड्यात दर बदलाला ही दहा मिनिटं लिहून ठेवा.

आणि आता, जरा श्वास घ्या, शिंजुकू. कोविडपूर्व काळात या एका स्थानकातून रोज सुमारे ३५ लाख प्रवासी ये-जा करत. जगातलं सर्वांत गजबजलेलं स्थानक म्हणून गिनीजच्या नोंदीत याचंच नाव. पुणे शहराची २०११ची लोकसंख्या ३१ लाख. म्हणजे पेठांसकट, उपनगरांसकट सगळं पुणं रोज एका स्थानकातून जातं आणि वर चार लाख पाहुणे! आपल्या बारा डबा लोकलमध्ये दाटीवाटीने साडेतीन हजार माणसं धरली, तर ३५ लाखांना लागतील एक हजार लोकल. एक लोकल पाव किलोमीटर लांब. हजार लोकल एकामागे एक उभ्या करा. शेवटचा डबा सीएसएमटीला, तर मोटरमन कुठे? कल्याण? कर्जत? लोणावळा? पुणे? अहो, मोटरमन पुणं मागे टाकून दौंडच्या तोंडाशी पोहोचला! अडीचशे किलोमीटर लोकल, एका स्थानकाची, एका दिवसाची.

या स्थानकाला बाहेर पडायचे मार्ग दोनशेहून अधिक. प्रत्येक दार शोधून पाहायला दहा मिनिटं दिलीत, तर दोन हजार मिनिटं. तेहतीस तास! सहलीचे दोन दिवस फक्त बाहेर पडण्यात. म्हणून दुसरा नियम: हॉटेलच्या पत्त्यासोबत दाराचं नाव किंवा क्रमांक लिहून घ्या. पिवळ्या-हिरव्या पाट्यांवर इंग्रजी आहे. एवढी एक ओळ वहीत असली की ३५ लाखांतून तुमची वाट दोन मिनिटांत निघते. आणखी एक लक्षात ठेवा. एवढा सगळा पसारा मध्यरात्री साडेबारा-एकच्या सुमाराला ठप्प होतो आणि पहाटे पाचला जागा होतो. मधले चार तास टॅक्सीचे, आणि रात्री टॅक्सीचा मीटर एरवीपेक्षा वीस टक्के जास्त पळतो. शेवटच्या गाडीची वेळ पाठ पाहिजे. बायका एकट्या जाणार असतील तर अनेक मार्गांवर गर्दीच्या वेळी महिलांसाठी राखीव डबा असतो. फलाटावरची गुलाबी खूण शोधायची.

जमिनीवर येऊ. शिबुयाचा चौक. सिग्नल पडतो, सगळी वाहनं थांबतात आणि पाचही बाजूंनी माणसं रस्त्यात उतरतात. गर्दीच्या वेळी एका हिरव्या दिव्यात अडीच-तीन हजार! दादरला भरलेली लोकल रिकामी व्हावी, तेवढी माणसं एका मिनिटात चौक ओलांडतात, आणि पुढच्या मिनिटाला तेवढीच पुन्हा जमलेली. शेजारीच हाचिको या कुत्र्याचा पुतळा आहे. धनी वारल्यावर १९२५ पासून १९३५ पर्यंत, जवळपास दहा वर्षं, तो याच स्टेशनाबाहेर त्याची वाट पाहत राहिला. साडेतीन हजार संध्याकाळी! चौकातल्या तीन हजार माणसांइतकाच हा आकडाही ऊर दडपणारा आहे.

भुकेचा हिशोब करू, कारण एकट्या माणसाला खरी काळजी जेवणाची. जपानमध्ये ‘कोंबिनी’, म्हणजे बहुतेक चोवीस तास उघडी असणारी छोटी दुकानं, ५५ हजारांहून अधिक आहेत. आपल्या महाराष्ट्रात गावं सुमारे ४४ हजार. प्रत्येक गावात एक दुकान थाटा, अगदी मेळघाटातल्या पाड्यापर्यंत पोहोचा, तरी अकरा हजार दुकानं हातात उरतील! ओनिगिरी, म्हणजे भाताचा त्रिकोणी गोळा, दीडशे-दोनशे येनला. आणि दुकान बंद असलंच तर स्वयंचलित विक्री यंत्रं आहेत. किती? देशभरात सुमारे ४० लाख. दर एकतीस माणसांमागे एक! हेच प्रमाण आपल्याकडे आणलं, तर दीड हजार वस्तीच्या खेड्यात, देवळासमोर, पारावर, शाळेमागे मिळून अठ्ठेचाळीस यंत्रं. प्रत्येक यंत्र मीटरभर रुंद धरून सगळी खेटून उभी केली, तर चार हजार किलोमीटरची भिंत. काश्मीर ते कन्याकुमारी आपला देश ३,२१४ किलोमीटर. भिंत कन्याकुमारीला पोहोचली, पाय पाण्यात गेले, यंत्रं अजून येतच आहेत!

रामेनची दुकानं तर जणू एकट्यासाठीच बांधलेली. ओट्याला लावलेली एकेक खुर्ची, दाराशी यंत्रातून काढलेलं कुपन, हजारेक येनची वाटी, म्हणजे पाचशे ऐंशी रुपये. कुणी “किती जण?” म्हणून भुवया उंचावत नाही. शाकाहारी असाल तर मात्र सावध राहा. साध्या भाजीच्या रश्शातही ‘दाशी’ हा माशाचा अर्क असू शकतो. आमटी-भाताची फारच आठवण झाली तर निशी-कासाईला जा. एदोगावा वॉर्डातल्या या भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे, आणि याच वॉर्डाच्या सभेवर २०१९ साली एक मराठी माणूस, योगेंद्र पुराणिक, निवडून आले.

माशावरून आठवलं. तोयोसूच्या मासळी बाजारात २०१९च्या नववर्षाच्या पहिल्या लिलावात २७८ किलोचा एक ट्यूना विकला गेला ३३ कोटी ३६ लाख येनना. एक मासा! आपल्या ५८ पैशांच्या दराने एकोणीस कोटी रुपयांच्या वर. किलोला सात लाख. ग्रॅमला सातशे. म्हणजे जेवताना चमच्यावरून दहा ग्रॅमचा तुकडा खाली पडला, तर सात हजार रुपये जमिनीवर. तुमच्या ताटात येणारी सुशी इतकी महाग नसते, घाबरू नका. शंभर-दीडशे येनपासून सरकत्या पट्ट्यावर मिळते.

एक दिवस मात्र असा राखा, जो बहुतेकांच्या यादीत नसतो. टोकियोच्या उत्तरेला, सायतामा प्रांतातल्या कासुकाबेत, पुराचं पाणी गिळणारं एक भूमिगत गटार आहे. गटार म्हणायलाही जीभ धजत नाही. १९९३ ते २००६ अशी तेरा वर्षं ते खणलं गेलं. जमिनीखाली ५० मीटरवर ६.३ किलोमीटरचा, दहा मीटर व्यासाचा बोगदा. त्याला जोडलेल्या पाच राक्षसी विहिरी, प्रत्येक सुमारे ७० मीटर खोल आणि ३० मीटर रुंद. आपली शेतातली चांगली ऐसपैस विहीर, वीस फूट रुंद आणि चाळीस फूट खोल, धरली तर टोकियोच्या एका विहिरीत आपल्या जवळजवळ १४० विहिरी बसतात. पाचांत मिळून सुमारे सातशे. तालुक्याच्या विहिरी! आणि शेवटी १७७ मीटर लांब, ७८ मीटर रुंद असा एक दरबार, ज्याचं छत ५९ खांबांनी तोलून धरलं आहे. एकेका खांबाचं वजन ५०० टन. तिथले पंप पूर्ण ताकदीने चालले की सेकंदाला २०० घनमीटर पाणी नदीत फेकतात. पावसाळ्यात धरणाच्या विसर्गाच्या बातम्या ऐकणाऱ्यांसाठी: सात हजार क्युसेक. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्यांसाठी: दहा हजार लिटरचे वीस टँकर, एका सेकंदात! मिनिटाला बाराशे टँकर. तासाला बहात्तर हजार. आपली भरलेली विहीर हे पंप पावणेदोन सेकंदात कोरडी करतील. पोहरा खाली जाईपर्यंत पाणी गायब. कोरड्या दिवसांत हे सगळं पाहायला आगाऊ नोंदणी करून जाता येतं.

आता एकट्याने फिरताना सगळ्यांत जास्त छळणारा प्रश्न: काही हरवलं तर? पुन्हा आकडा बघा. २०१८ साली टोकियोच्या पोलिसांकडे लोकांनी सापडलेल्या म्हणून आणून दिलेल्या वस्तू होत्या सुमारे ४१ लाख. दिवसाला अकरा हजार, मिनिटाला जवळजवळ आठ! त्यात नुसती रोकड ३८० कोटी येन. म्हणजे दररोज एक कोटी येनहून अधिक, रोजचे साठ लाख रुपये, कुणाचे तरी पडलेले आणि दुसऱ्या कुणी तरी मुकाट्याने चौकीवर आणून दिलेले. त्यातली जवळपास तीन चतुर्थांश रक्कम मालकांना परत मिळाली. आणि छत्र्या? वर्षाला तीन लाख चाळीस हजारांच्या घरात. एक छत्री ९० सेंटिमीटर धरून ओळीने मांडा: ३०६ किलोमीटर. मुंबईहून पुण्याला जाऊन परत येईपर्यंत रस्त्यावर छत्र्याच छत्र्या! तेरा मार्गिकांची ३०४ किलोमीटर भुयारी रेल्वे या टोकापासून त्या टोकापर्यंत हरवलेल्या छत्र्यांनी झाकता येईल आणि दोन किलोमीटर छत्र्या उरतील. गंमत म्हणजे त्या न्यायला येतो शंभरातला एक. पैसे विचारायला माणूस जातो, छत्री विचारायला नाही.

एखादा दिवस शहराबाहेरही. हवा स्वच्छ असेल तर शिंजुकूहून बसने दोनेक तासांवर कावागुचिको तळ्याकाठी फुजी दिसतो, उंची ३,७७६ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. एका कळसूबाईवर दुसरं कळसूबाई ठेवलं तरी फुजी ४८४ मीटर वर मान काढून उभा. शिंकान्सेनचा, म्हणजे बुलेट ट्रेनचा, मोह झाला तर टोकियो-ओसाका ५१५ किलोमीटर, म्हणजे रेल्वेने मुंबई-कोल्हापूर. महालक्ष्मी एक्सप्रेसला अख्खी रात्र लागते. नोझोमी या शिंकान्सेन गाडीला सुमारे दोन तास बावीस मिनिटं. एका गाडीत १,३२३ आसनं, ताशी २८५ किलोमीटर वेग, आणि १९६४ पासून आजवर गाडी घसरून किंवा टक्कर होऊन एकही प्रवासी दगावलेला नाही. पण पहिल्या खेपेला मोह आवरा. टोकियोच संपत नाही. रोज चौदा किलोमीटर चालणं होतं, नऊ दिवसांचे १२६. आळंदी ते पंढरपूर वारीच्या वाटेचं निम्मं! तेव्हा बूट नवे घेऊ नका, मुरलेले न्या.

राहता राहिला पैसा. वहीचं शेवटचं पान उघडा आणि येनमध्ये लिहा. विमान एक लाख. आठ रात्री नऊ हजाराने बहात्तर हजार. नऊ दिवसांचं खाणं चार हजाराने छत्तीस हजार. शहरातला प्रवास अकरा हजार. विमानतळ ते शहर, जाऊन-येऊन, सहा हजार. फुजीची सहल आणि प्रवेशशुल्क पंचवीस हजार. सिमकार्ड आणि प्रवास विमा दहा हजार. खरेदीला चाळीस हजार. बेरीज? बरोब्बर तीन लाख येन. आपले एक लाख चौऱ्याहत्तर हजार रुपये.

आकडा मोठा वाटतो ना? मग तो खरोखर मोठा करून पाहू. एका येनचं नाणं ॲल्युमिनियमचं, वजन नेमकं एक ग्रॅम. तीन लाख येन सुट्ट्या नाण्यांत घेतलेत तर तीनशे किलो! तीन क्विंटल. पन्नास किलोच्या कांद्याच्या सहा गोण्या. विमानाच्या तेवीस किलोच्या तेरा बॅगा भरतील आणि तरी किलोभर नाणी खाली सांडतील. आता ती नाणी एकावर एक रचा. एकाची जाडी सुमारे दीड मिलिमीटर. शंभर नाणी, वीतभरही नाही. दहा हजार नाणी, पंधरा मीटर, पाच मजली इमारत. पन्नास हजार, पंचाहत्तर मीटर, कुतुबमिनार मागे पडला. एक लाख, दीडशे मीटर. सव्वादोन लाख, टोकियो टॉवरचं ३३३ मीटरचं टोक आलं, ओलांडलं. आणि तीन लाखावं नाणं ठेवलंत की उंची ४५० मीटर! टोकियो स्काय ट्री हा मनोरा एकूण ६३४ मीटरचा, आपल्या गेटवे ऑफ इंडियाच्या चोवीस पट. त्याची वरची प्रेक्षक गॅलरी आहे बरोबर ४५० मीटरवर. तुमच्या सहलीचा खर्च जमिनीपासून रचत गेलं, तर शेवटचं नाणं काचेपलीकडे, तुमच्या पायांच्या पातळीला येऊन थांबतं.

आणि हीच रक्कम दहा हजारच्या नोटांत घेतली तर? तीस नोटा. वजन तीसेक ग्रॅम, जाडी तीनेक मिलिमीटर. शर्टाच्या खिशात मावते.

टोकियोच्या प्रत्येक आकड्याचं असंच आहे. ३५ लाखांचं स्थानक तुमच्यापुरतं एका दाराचा क्रमांक असतं. ३०४ किलोमीटरची भुयारं एका पासात बसतात. पंचावन्न हजार दुकानांपैकी तुम्हाला कोपऱ्यावरचं एक पुरतं. एवढ्या कोटींचा रोजचा राबता सांभाळणारं शहर आणखी एका माणसाला सहज सांभाळतं. तेव्हा पासपोर्टची मुदत तपासा, तारखा ठरवा, यामानोतेच्या कड्यावर खोली घ्या, दाराचा क्रमांक आणि शेवटच्या गाडीची वेळ वहीत लिहा. एकट्याने पहिल्यांदा परदेशी जायला टोकियोइतकं मोठं शहर अवघड नाही, सोयीचंच आहे. आणि पाऊस असेल तर छत्री न्या. हरवली तर विचारायला मात्र नक्की जा.